साध्य, मात्रा आणि याप्य : योगोपचाराच्या आखणीचा शब्देतिहास

योगाभ्यासाने अमुक एक रोग बरा होतो किंवा होत नाही, या वादात प्रस्तुत लेखास शिरावयाचे नाही. तो प्रश्न वैद्यकाचा आहे आणि त्याचा निकाल रुग्णालयांतील नोंदींनी लागावयाचा आहे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. रुग्णासाठी योगाभ्यास आखावयाचा, तर प्रथम त्याचे साध्य ठरवावे लागते. हे साध्य ठरविण्याची भाषा आपल्याजवळ कोठून आली आणि तीत आज काही उणे आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे. शब्दांचा इतिहास हा विचारांच्या इतिहासाचा दुय्यम पुरावा मानण्याची प्रथा आहे. योगोपचारापुरता तरी तो पहिल्या प्रतीचा पुरावा ठरतो, असे आम्हांस वाटते.

‘साध्य’ हाच शब्द घ्या. योगविषयक विवेचनात साध्य आणि साधन ही जोडी असते. साध्य म्हणजे जे मिळवावयाचे ते. पातंजल मतात ते कैवल्य होय. आयुर्वेदात हाच शब्द रोगाचे विशेषण म्हणून येतो. साध्य रोग म्हणजे उपायांनी जिंकता येण्याजोगा रोग, आणि असाध्य म्हणजे तसा नसलेला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय या भेदाच्या विवेचनासाठीच खर्ची पडला आहे. रोग साध्य की असाध्य हे आधी ओळखावे व मगच चिकित्सेस हात घालावा, असा त्याचा आग्रह आहे. जो वैद्य असाध्य रोगाच्या मागे लागतो तो धन, विद्या आणि कीर्ती यांस मुकतो, असा इशाराही तेथे दिलेला आहे. म्हणजे योगात ‘साध्य’ हा शब्द इच्छेचा विषय सांगतो, तर वैद्यकात तो शक्यतेची मर्यादा सांगतो. हे दोन अर्थ शतकानुशतके आपापल्या शास्त्रांत शेजारी राहिले. एकाच रुग्णाच्या संदर्भात त्यांची गाठ पडली ती विसाव्या शतकात, आणि ती प्रामुख्याने महाराष्ट्रात पडली.

तत्पूर्वी ‘ध्येय’ या शब्दाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे; कारण आज कोणताही योगशिक्षक ‘प्रथम आपले ध्येय निश्चित करा’ असे सांगूनच वर्गास आरंभ करतो. ‘ध्यै’ धातूपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘ज्याचे ध्यान करावयाचे ते’ असा आहे. ध्याता, ध्यान आणि ध्येय या त्रिपुटीत तो याच अर्थाने येतो, आणि ही त्रिपुटी शेवटी गळून पडावी अशी तेथे अपेक्षा असते. उद्दिष्ट या अर्थाने ‘ध्येय’ अर्वाचीन मराठीत रूढ झाले. ध्येयवाद, ध्येयनिष्ठा, ध्येयधोरण ही सारी त्याची अलीकडची प्रजा. तेव्हा जुन्या ग्रंथात ‘ध्येय’ पाहून तेथे आधुनिक अर्थाचे उद्दिष्ट शोधू नये, आणि आजच्या उद्दिष्टनिश्चितीला जुन्या ‘ध्येया’चे वजनही उसने देऊ नये.

जुन्या ग्रंथांत आरोग्याचे स्थान कोणते होते? योगसूत्रांत चित्ताला विक्षेप आणणारे नऊ अंतराय सांगितले आहेत, त्यांत व्याधी पहिली आहे. व्याधी दूर करावयाची ती वाट मोकळी व्हावी म्हणून. श्वेताश्वतर उपनिषदात शरीराचा हलकेपणा व निरोगीपणा ही योगाच्या प्रथम प्रवृत्तीची चिन्हे म्हणून येतात. प्रवास योग्य दिशेने चालला आहे एवढेच ती सांगतात. पुढे सुमारे पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेत स्वात्माराम आसनाचे फळ स्थैर्य, आरोग्य व अंगलाघव असे सांगतो. येथे आरोग्य फळाच्या यादीत आले खरे, तरी ग्रंथाचे साध्य राजयोग हेच आहे. वेरूळच्या एकोणतिसाव्या लेण्यात पद्मासनस्थ योगी शिवाची जी मूर्ती आहे, तीपुढे उभे राहिल्यावर ही गोष्ट वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आखणीच्या दृष्टीने मात्र व्यासभाष्यातील एक स्थळ फार मोलाचे आहे. दुसऱ्या पादातील पंधराव्या सूत्रावर भाष्य करताना व्यास योगशास्त्राची तुलना चिकित्साशास्त्राशी करतात. रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध असे चिकित्साशास्त्राचे चार व्यूह आहेत. तसेच संसार, त्याचे कारण, मोक्ष आणि मोक्षाचा उपाय असे योगशास्त्राचे चार आहेत. ही उपमा आहे, उपचार नव्हे. तरी तिने एक सांगाडा दिला. काय दुखते, कशाने दुखते, कोठवर पोहोचावयाचे आणि कशाने पोहोचावयाचे, हे चार प्रश्न या क्रमाने विचारावयाचे. आजही योगोपचाराची कोणतीही आखणी या चार प्रश्नांवाचून पुरी होत नाही, आणि बहुधा तिसराच प्रश्न गाळला जातो.

हठयोगाच्या ग्रंथांत नियोजनाची बारीकसारीक जाण दिसते. प्राणायाम दिवसातून चार वेळा करावा व हळूहळू ऐंशी कुंभकांपर्यंत न्यावा, असे हठप्रदीपिका सांगते. सिंह, हत्ती, वाघ जसे क्रमाक्रमाने वश होतात तसाच वायू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, हेही सांगते. युक्त प्राणायामाने सर्व रोगांचा क्षय होतो हे वचन सर्वत्र ऐकू येते. त्याच श्लोकाचा उत्तरार्ध, अयुक्त अभ्यासाने सर्व रोग उद्भवतात हा, क्वचितच ऐकू येतो. पुढे उचकी, दमा, खोकला, डोके, कान व डोळे यांच्या वेदना अशी यादीही दिलेली आहे. षट्कर्मांविषयीचा निर्बंध तर खास वैद्यकी वळणाचा आहे. ज्याच्या शरीरात मेद व कफ अधिक असेल त्याने ती करावी, इतरांनी करू नयेत. व्यक्तीच्या प्रकृतीनुसार उपाय निवडण्याचे तत्त्व येथे स्पष्ट आहे. हठप्रदीपिकेच्या काही हस्तलिखितांत पाचवा उपदेश आढळतो आणि लोणावळ्याच्या कैवल्यधामाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या संपादित आवृत्तीत तो छापलेला आहे. अभ्यासातील प्रमादामुळे वायू भलत्या मार्गास लागून जे विकार होतात, त्यांवरचे उपाय या उपदेशात आहेत. जेथे पीडा असेल तेथे वायूची भावना मनाने करावी, असा एक उपाय आहे. त्याच्या जोडीला आहाराचे नियमही आहेत. योगचिकित्सेचा हा ग्रांथिक आरंभ म्हणावा काय? आमच्या मते म्हणावा, परंतु एक मर्यादा ध्यानात ठेवून. येथला रोगी हा योगीच आहे, आणि त्याचा रोगही योगातूनच आलेला आहे. कचेरीतून दमून आलेला, बद्धकोष्ठाने गांजलेला गृहस्थ या ग्रंथाच्या डोळ्यांपुढे नाही.

या गृहस्थाची आठवण मराठीने मात्र लवकर ठेवली होती. पैठणजवळच्या आपेगावाशी ज्यांचे कुल निगडित, त्या ज्ञानेश्वरांनी नेवाशास १२९० मध्ये सांगितलेल्या ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय बंध आणि कुंडलिनी यांच्या वर्णनासाठी प्रसिद्ध आहे. आम्हांस येथे त्या अध्यायातील दुसरेच स्थळ अभिप्रेत आहे. युक्त आहारविहाराच्या गीताश्लोकावर बोलताना ज्ञानेश्वर आहार युक्तीच्या मापाने मोजावयास सांगतात. बोलणे, चालणे ‘मितले’ असावे आणि झोपेलाही तिच्या वेळी मान द्यावा, असे सांगतात. ‘माप’, ‘मविणे’, ‘मितले’ हे सारे शब्द ‘मा’ म्हणजे मोजणे या एकाच धातूच्या कुळातले आहेत. तेराव्या शतकातील मराठीने योग मोजावयाची गोष्ट म्हणून ऐकला, हे भाषेच्या अभ्यासकाने विसरू नये.

याच कुळातला ‘मात्रा’ हा शब्द योगोपचाराच्या इतिहासात मध्यवर्ती आहे. छंदःशास्त्रात मात्रा म्हणजे लघू अक्षराच्या उच्चाराचा काळ. मार्कंडेयपुराणात प्राणायामाची मात्राही लघू अक्षराच्या उच्चाराएवढ्याच काळाने मोजली आहे, आणि बारा मात्रांचा प्राणायाम लघू, चोवीसांचा मध्यम व छत्तीसांचा उत्तम असे टप्पे पाडले आहेत. घेरंडसंहितेत हेच टप्पे बारा, सोळा व वीस असे येतात. वैद्यकात मात्रा म्हणजे औषधाचे प्रमाण, आणि मराठी घरांत तर सहाणेवर उगाळून चाटवावयाचे औषधच मात्रा होऊन बसले. ‘मात्रा लागू पडली’ असे आपण औषधाविषयीही म्हणतो आणि कानउघाडणीविषयीही. कवी, योगी, वैद्य आणि आजीबाई यांनी एकच शब्द वापरावा हा केवळ योगायोग नाही. प्रमाण चुकले की वृत्त बिघडते, श्वास बिघडतो आणि पोटही बिघडते. ग्रंथभेदाने टप्प्यांचे आकडे बदलतात यावरून एवढे मात्र ओळखावे, की ते आकडे परंपरेने स्थिर केलेले नव्हते. गुरूने समोरच्या शिष्याकडे पाहून ते ठरवावयाचे होते.

आता विसाव्या शतकाकडे वळू. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे झाला. संस्कृताचे ते उत्तम विद्यार्थी होते. बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याजवळ त्यांनी तालमीचे शिक्षण घेतले, आणि नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून योगाचे. मधल्या काळात खानदेशात अमळनेर येथे ते राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात होते. आखाडा, पाठशाळा आणि मठ या तीन ठिकाणच्या तीन बोली त्यांना येत होत्या असे म्हटले तर वावगे होणार नाही. चौथी बोली त्यांनी स्वतः मिळविली, ती प्रयोगशाळेची. बडोद्याच्या रुग्णालयात १९२०-२१ च्या सुमारास उड्डियान व नौली यांवर त्यांनी क्षकिरणांच्या साहाय्याने पहिले प्रयोग केले. १९२४ साली स्वामी कुवलयानंद या नावाने त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले.

या संस्थेचे नाव व काम यांतील अंतर लक्षणीय आहे. नावात साध्य म्हणून कैवल्य आहे. कामात मात्र रक्तदाब, आतड्यातील दाब आणि श्वासपटलाची हालचाल यांची मोजदाद आहे. त्रैमासिकाचेही शास्त्रीय, अर्धशास्त्रीय व लोकोपयोगी असे तीन विभाग असत. कोणत्या वाचकास कोणत्या पातळीवरचे सांगावयाचे याची ही जाणीव तत्कालीन नियतकालिकांत दुर्मिळ होती.

प्रयोगाचे एकच उदाहरण घेऊ. बस्तिक्रियेत योगी पाण्यात बसून गुदद्वारे पाणी वर ओढून घेतो. परंपरेने याचे श्रेय अपानवायूच्या आकर्षणास दिले होते. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यात नळी ठेवून ती दाबमापकास जोडली, तेव्हा नौलीच्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून उणा होतो असे दिसून आले. पाणी वर चढते ते या अंशतः निर्वातामुळे. गुरूंच्या स्मरणार्थ त्यास त्यांनी ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. शोधाला गुरूचे नाव आणि शोधाची पद्धत मात्र गुरूला अपरिचित, ही गोष्ट त्या पिढीचे मन सांगून जाते. आपल्या विषयाच्या दृष्टीने या प्रयोगाचे महत्त्व असे, की तक्रार, क्रिया आणि मापन ही तीन टोके प्रथमच एका दोरीत ओवली गेली. बद्धकोष्ठ ही तक्रार. उड्डियान व नौली ही क्रिया. दाबातील फरक हे मापन. अपानवायूच्या भाषेत क्रिया ‘सिद्ध’ झाली की नाही एवढेच विचारता येत होते. या नव्या भाषेत ती कितपत झाली, असे विचारता येऊ लागले.

येथे ‘प्राणवायू’ या शब्दाविषयी थोडे विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. मराठी पाठ्यपुस्तकांनी हवेतील एका वायूला हे नाव दिले. योगातील प्राण हा वायू निराळा आणि रसायनशास्त्रातला प्राणवायू निराळा. पण नाव एक झाल्यामुळे प्राणायामाने शरीरास अधिक प्राणवायू मिळतो, हे वाक्य मराठी कानाला सिद्ध करण्याची गरजच उरली नाही. लोणावळ्याच्या प्रयोगांनी या समजुतीस आधार दिला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या वाढीत नसून मज्जासंस्थेच्या शिक्षणात व शरीरांतर्गत दाबांत आहे, असे कुवलयानंदांचे प्रतिपादन होते. तरीही ती समजूत आजच्या पुस्तिकांत सुखाने नांदत आहे. एका पारिभाषिक शब्दाने केवढे नुकसान व्हावे!

कुवलयानंदांची ‘आसने’ व ‘प्राणायाम’ ही इंग्रजी पुस्तके १९३१ साली निघाली. ‘आसने’ या पुस्तकात पूर्ण अभ्यासक्रम आणि अशक्तांसाठी किंवा वेळ थोडा असणाऱ्यांसाठी लहान अभ्यासक्रम अशी वेगवेगळी आखणी आहे. आसनापुढे आरंभीचा काळ, आठवड्यागणिक करावयाची वाढ आणि कमाल मर्यादा दिलेली असते. ही वाढ बहुधा मिनिटाच्या अंशांनी मोजलेली आहे. कान वाहणाऱ्यांनी, नेत्रांतील केशवाहिन्या दुर्बळ असलेल्यांनी आणि हृदय अशक्त असलेल्यांनी शीर्षासन करू नये, असे निर्बंधही आहेत. ‘शनैः शनैः’ हा जुना उपदेश येथे आकड्यांत उतरला. ‘अभ्यास’ या शब्दालाही यामुळे नवा सोबती मिळाला. पाणिनीच्या व्याकरणात द्वित्व झालेल्या धातूच्या पहिल्या भागास अभ्यास म्हणतात. योगसूत्रांत दीर्घकाळ, निरंतर व आदराने केलेला यत्न म्हणजे दृढ होणारा अभ्यास. दोन्हीकडे पुनरावृत्तीची कल्पना आहे, शेवटाची नाही. ‘अभ्यासक्रम’ म्हटले की आरंभ, टप्पे आणि शेवट आले. शाळा व महाविद्यालये यांच्याकडून आलेला हा शब्द योगास लागल्याने योगाचा काळ आखला गेला, आणि अमुक आठवड्यांनंतर काय अपेक्षावे हे विचारण्याचा अधिकार सामान्य अभ्यासकास लाभला.

हा अधिकार प्रत्यक्षात बजावणारा एक रुग्ण सर्वपरिचित आहे. १९२७ च्या मार्चमध्ये कर्नाटक-महाराष्ट्राच्या दौऱ्यात गांधीजींची प्रकृती एकाएकी बिघडली; रक्तदाब वाढलेला आढळला आणि त्यांना नंदीच्या डोंगरावर विश्रांतीसाठी जावे लागले. त्या काळात त्यांनी कुवलयानंदांशी व्यायाम व आहार यांविषयी पत्रव्यवहार केला. त्यांच्या संकलित वाङ्मयात ही पत्रे आहेत. रुग्ण दूर, उपचारक दूर, मध्ये टपाल. अशा वेळी अनुभवाची प्रामाणिक नोंद हीच दोघांतील भाषा असते. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची गांधीजींची हौस आणि शरीराचे मोजमाप करण्याचा कुवलयानंदांचा स्वभाव एकमेकांस मानवणारे होते.

१९३२ पासून मुंबईस कैवल्यधामाचे केंद्र सुरू झाले आणि १९३६ पासून चौपाटीजवळच्या वास्तूत ते ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाने चालू लागले. डोंगरातील आश्रमाची पद्धत शहरी नोकरदाराच्या दिनक्रमात बसविण्याची कसोटी येथे लागली. प्रातःकाळ, मध्यान्ह, सायंकाळ व मध्यरात्र अशा चार वेळांचा प्राणायाम लोकलगाडीच्या वेळापत्रकात बसणे शक्य नव्हते. मात्रा घटली, वेळ एक झाली, आणि साध्यही आपोआप उतरले. या उतरण्यास ऱ्हास म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हांस तसे वाटत नाही. दम्याच्या रुग्णाने रात्रभर झोप मिळावी एवढेच मागितले आणि शास्त्राने तेवढेच देण्याचे मान्य केले, तर त्यात शास्त्राची प्रतिष्ठा कमी होत नाही.

या चार दशकांच्या अनुभवाचे सार १९६३ साली कुवलयानंद व डॉ. एस. एल. विनेकर यांनी लिहिलेल्या यौगिक चिकित्सेवरील छोट्या इंग्रजी ग्रंथात उतरले. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाच्या केंद्रीय आरोग्य-शिक्षण विभागाने तो प्रकाशित केला. योग्य मनोवृत्ती जोपासणे. स्नायू, मज्जा व ग्रंथी यांच्या संस्थांना अधिक ताण सोसण्याजोगे पुन्हा घडविणे. आणि उचित आहाराबरोबर मलोत्सर्गाच्या नैसर्गिक क्रियांना साहाय्य करणे, अशी तीन तत्त्वे त्यांनी मांडली. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या भावना चिकित्सेच्या पहिल्या तत्त्वात येतात, आणि जठराचा दाह किंवा मनाची अस्वस्थता यांवरील आखणी केवळ आसनांच्या यादीने होत नाही हे त्यांतून स्पष्ट होते. कुवलयानंद १८ एप्रिल १९६६ रोजी निवर्तले.

‘चिकित्सा’ हा शब्द या संस्थेने दोन्ही अर्थांनी सार्थ केला, हे मुद्दाम नोंदविले पाहिजे. मूळ धातू ‘कित्’; त्याच्या या रूपात जाणून घेण्याच्या इच्छेची छटा आहे, आणि संस्कृतात तो रोगाच्या उपायास रूढ झाला. मराठीने त्याला कसून केलेल्या परीक्षणाचाही अर्थ दिला, म्हणून आपण पाठचिकित्सा म्हणतो आणि शंकेखोर माणसास चिकित्सक म्हणतो. लोणावळ्यास एका इमारतीत हस्तलिखितांची पाठचिकित्सा आणि दुसरीत रुग्णांची योगचिकित्सा चालली. ज्या ठिकाणी पहिली चालत नाही त्या ठिकाणची दुसरी सैल पडते, असा आमचा समज आहे.

याच वर्षी, म्हणजे १९६६ साली, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचा योगावरील प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लंडनहून निघाला. कर्नाटकातील बेल्लूर येथे १९१८ मध्ये जन्मलेले आणि बालपणी क्षयासह अनेक दुखण्यांनी खंगलेले अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्याच्या निमंत्रणावरून पुण्यास आले आणि पुणेकरच झाले. त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या परिशिष्टात तीनशे आठवड्यांपर्यंतचा अभ्यासक्रम आहे, दुसऱ्यात रोगांच्या नावाखाली आसनांच्या याद्या आहेत. पहिले परिशिष्ट काळाने आखलेले, दुसरे रोगाने आखलेले. दोहोंमधील दुवा ग्रंथात फारसा नाही. तो शिक्षकाच्या डोळ्यात असावा लागतो. दुसरे परिशिष्ट पहिल्यावाचून उघडणारे वाचक जगभर फार झाले, आणि औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून गोळी घ्यावी तसे आसन घेऊ लागले. स्वतः अय्यंगारांची उपचारपद्धती मात्र याच्या उलट होती. दोर, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या यांचा आधार देऊन रुग्णाचे शरीर त्याच्या आवाक्यातील स्थितीत ठेवावयाचे व थोडथोडे पुढे न्यावयाचे, असे त्यांचे तंत्र होते. १९७५ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या रमामणी अय्यंगार स्मारक संस्थेत या टेकूंचे एक शास्त्रच झाले.

‘टेकू’ या शब्दाने आम्ही लेखाच्या मुख्य मुद्द्यापाशी आलो. आयुर्वेदाने रोगांचे साध्य व असाध्य एवढे दोनच वर्ग केलेले नाहीत. साध्याचे सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य असे दोन आणि असाध्याचे याप्य व प्रत्याख्येय असे दोन भेद आहेत. प्रत्याख्येय म्हणजे ज्यास वैद्याने नकार द्यावा तो. याप्य म्हणजे समूळ बरा न होणारा, पण पथ्य व उपचार चालू असेतोवर आटोक्यात राहणारा. पडावयास आलेल्या घरास नीट लावलेला टेकू जसा सावरतो तसा उपचार याप्य रोग्यास सावरून धरतो, अशी उपमा सुश्रुताने दिली आहे. पावसाळ्यापूर्वी कलत्या भिंतीस धिरा देणाऱ्या आमच्या मराठवाड्यातील माणसास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. धिऱ्याने भिंत नवी होत नाही, परंतु घरात माणसे राहू शकतात.

‘याप्य’ हा शब्द ‘या’ म्हणजे जाणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून आला. घालविणे, चालते ठेवणे हा त्याचा भाव. पाली ग्रंथांत भिक्षूने अन्न सेवन करावयाचे ते शरीराच्या स्थितीसाठी व यापनासाठी, असा विचार वारंवार येतो. अजिंठ्याच्या विहारांत तो उच्चारला गेला असणारच. मराठीत ‘कालयापन’ या जड शब्दात हे कूळ तग धरून आहे. पण ‘याप्य’ स्वतः वैद्यांच्या पोथ्यांबाहेर आलाच नाही. साध्य आणि असाध्य हे दोन्ही शब्द बोलीत रुळले, मधला गळाला. परिणामी मराठी रुग्णाजवळ आपल्या रोगाविषयी दोनच घरे उरली. ‘बरा होईल’ किंवा ‘बरा होणार नाही’.

हे शब्दाचे दारिद्र्य आज महाग पडते. आज योगोपचाराकडे येणाऱ्यांत मधुमेह, रक्तदाब, दमा, कंबरदुखी, संधिवात यांचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत, आणि यांतील बहुतेक व्याधी बहुतांशी याप्य आहेत. त्यांना ‘साध्य’ म्हणून सांगितले की रुग्ण चार महिन्यांनी गोळ्या सोडतो. ‘असाध्य’ म्हणून सांगितले की तो चटई गुंडाळून ठेवतो. दोन्ही वेळा आखणी फसते ती साध्यनिश्चितीपाशी. मधुमेही रुग्णासाठी ‘मधुमेहमुक्ती’ हे साध्य न मांडता, वैद्याने दिलेले औषध चालू ठेवून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, वजनात आणि झोपेत काय फरक पडतो हे पाहावयाचे असे मांडले, तर त्यास मुदत आहे, माप आहे आणि फेरविचाराची जागाही आहे. जुनाट कंबरदुखीच्या बाबतीत तर आधुनिक वैद्यकानेही योगास निश्चित स्थान दिले आहे. अमेरिकेतील वैद्यांच्या महाविद्यालयाने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात औषधाआधी करावयाच्या उपायांत योगाचा समावेश आहे. पण तेथेही अपेक्षित लाभ माफक आहे. वेदना कमी होणे, वावर वाढणे, एवढेच. उलटपक्षी काचबिंदूच्या रुग्णास शीर्षासन देणे हे डोळ्यातील दाब वाढविणारे आहे, आणि ‘सर्व रोगांवर राजा’ अशी त्या आसनाची ख्याती येथे कामास येत नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २१ जून हा दिवस योगदिन म्हणून २०१४ साली मान्य केला आणि २०१५ पासून तो साजरा होऊ लागला. त्यानिमित्त आयुष मंत्रालयाने सर्वांसाठी एकच सामाईक अभ्यासक्रम सिद्ध केला आहे. सार्वजनिक व्यायाम म्हणून त्यास आमचा आक्षेप नाही; हजारो लोक एका मैदानावर एकत्र यावयाचे तर क्रम एकच असणार. परंतु हाच क्रम रुग्णांच्या वर्गात चालविला जातो असे अनेक ठिकाणी आढळते, तेव्हा षट्कर्मे मेद-कफाधिक्य असलेल्यानेच करावीत असे सांगणारा स्वात्माराम अधिक आधुनिक वाटू लागतो. उपचाराचा अभ्यास व्यक्तीसाठी आखावयाचा असतो. कोणता रोग, कोणते वय, किती वेळ, कोणते औषध चालू, घरात चटई अंथरावयास जागा आहे की नाही, हे सारे ‘मात्रे’त येते.

मराठीच्या व्याकरणात या संदर्भात एक सूचक विशेष आहे. ‘मी आसन करतो’ असे आपण म्हणतो, पण ‘मला आसन साधले’ असे म्हणतो. पहिल्यात कर्ता प्रथमेत आहे, दुसऱ्यात अनुभवणारा चतुर्थीत गेला आहे आणि आसन स्वतःच वाक्याचे उद्देश्य झाले आहे. करणे आपल्या हातात, साधणे पूर्णतः आपल्या हातात नाही, हा भेद आपली भाषा विभक्तीनेच करते. योगोपचाराच्या आखणीतही हे दोन रकाने वेगळे ठेवावयास हवेत. रुग्णाने काय करावयाचे हा एक. त्याला काय साधले हा दुसरा. पहिला रकाना आरंभीच भरता येतो. दुसरा मुदतीनंतर, मोजून, भरावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी दुसरा रकाना आरंभीच, जाहिरातीच्या मजकुराने, भरलेला असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे हाती घेण्याजोगे काम पुष्कळ आहे. गेल्या शंभर वर्षांत मराठीत निघालेल्या योगविषयक पुस्तकांतील उपचारप्रकरणे एकत्र करून त्यांत ‘बरा होतो’, ‘कमी होतो’, ‘आटोक्यात राहतो’, ‘आराम पडतो’ या क्रियापदांची वारंवारता दशकवार पाहिली पाहिजे. ‘आटोक्यात राहणे’ हा ‘याप्य’चा लौकिक वारस असावा असा आमचा तर्क आहे, आणि तो कोणत्या दशकात कोणत्या रोगांबरोबर येऊ लागला हे कळल्यास मराठी समाजाने दीर्घ व्याधींशी जुळते घेण्यास केव्हा आरंभ केला, हेही कळेल. मराठवाड्यातील जिल्हा ग्रंथालयांत अशा पुस्तकांच्या जीर्ण प्रती अद्याप मिळण्याचा संभव आहे. त्यांच्या समासांतील वाचकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आणि मिनिटांचे आकडे मूळ मजकुराइतक्याच काळजीने उतरवून घ्यावेत.